बादली रिकामी नेऊ नकोस

*ताई,*
*आम्ही मिरजेचे. नवरा नर्स आहे. आयर्लंडच्या रॉसकॉमन काउंटीतल्या एका नर्सिंग होममध्ये त्याला नोकरी लागली, म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी इकडे आलो. गाव म्हणजे एकच रस्ता. पेट्रोल पंपाला चिकटलेलं दुकान, दोन पब, चर्च, शाळा आणि खेळाचं मैदान. आमचं भाड्याचं घर गावापासून दोन किलोमीटर आत, बोरीनवर. (इकडे पाणंदीला बोरीन म्हणतात, मधोमध गवत उगवलेलं असतं.)*

*समोर एक आजी-आजोबा राहायचे. आम्ही आलो त्याच आठवड्यात आजोबा बादलीभर टर्फ (दलदलीतून कापून वाळवलेलं जळण) घेऊन आले आणि शेगडीसमोर गुडघ्यांवर बसून कसं पेटवायचं ते दाखवलं. मग अधूनमधून दारात बटाट्यांची पिशवी असायची. नोव्हेंबरात ते गेले. दोन दिवस बोरीनवर गाड्याच गाड्या. आम्हाला कुणी कळवलं नाही, कुणी बोलावलं नाही. आपण परधर्माचे, परके, घरात लहान मूल, मध्ये कशाला जायचं म्हणून पडदे ओढून बसलो. तेव्हापासून आजी लांबून हात करतात, पण थांबत नाहीत. दुकानातली बाई मात्र नवऱ्याच्या नाइट ड्यूटीपर्यंत सगळी चौकशी करते. जो तो म्हणतो, "एकदा चहाला या," पण कधी ते कुणी सांगत नाही. मला गाडी येत नाही. सव्वाचारला अंधार पडतो. हा वर्णद्वेष आहे का? आम्ही डब्लिनला जावं का?*

*— बोरीनवरची*

प्रिय बोरीनवरची,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. "कुणी बोलावलं नाही." अगं, मयताला बोलावणं कधी असतं का? मिरजेत तरी कुणी पत्रिका पाठवतं? कानावर आलं की गॅस बंद करायचा, चपला पायात सरकवायच्या आणि निघायचं. आयर्लंडच्या खेड्यात नियम हाच आहे, काना-मात्रेचाही फरक नाही. लग्नाचं तिकडे उलट. छापील पत्रिकेवर तुझं नाव असेल तरच जायचं, कारण ताटांचा हिशोब असतो. मयताला मात्र गाव जातं, शेजारचं गावही जातं, आणि मेलेल्या माणसाला जन्मात न भेटलेली, त्याच्या मुलाबरोबर कामाला असणारी माणसंही तासभर गाडी हाकत येतात.

तू पडदे ओढलेस ते अदबीने, हे मला कळतं. समोरच्या खिडकीतून मात्र नुसते ओढलेले पडदे दिसले.

हे तुला टोचायला लिहीत नाही. तुझ्या शेजारच्या मेयो काउंटीत मला एकोणीस वर्षं झाली, आणि पहिल्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं. नशिबाने आमची पोस्टवाली फटकळ होती. तिने दारातच विचारलं, "तुम्ही आजारी होता का? काल दिसला नाहीत." मी म्हटलं, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. रेडिओवर तर आलं होतं!

रेडिओवर खरंच येतं. आमच्याकडे मिडवेस्ट, तुझ्याकडे शॅननसाइड. या स्टेशनांवर रोज ठरलेल्या वेळी गेलेल्यांची नावं वाचतात आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी कपबशी वाजवत नाही. शिवाय २००५ पासून आरआयपी डॉट आयई ही साइट आहे. तिकडची माणसं सकाळी हवामान बघायच्या आधी ती बघतात. तूही बघत जा, त्यात अभद्र काही नाही. फक्त त्यातली भाषा समजून घे. "रिपोझिंग ॲट हिज होम, फोर टु एट" असं असेल तर चार ते आठ घर सगळ्यांना उघडं आहे. "हाउस प्रायव्हेट" असेल तर घरी फक्त घरचे, पण चर्चमधल्या प्रार्थनेला कुणीही जावं. "फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली" म्हणजे फुलं नेऊ नकोस. सगळं दोन-तीन दिवसांत उरकतं. महिन्याने पुन्हा त्यांच्या नावाने प्रार्थना असते, तिला मंथ्स माइंड म्हणतात. आपल्या मासिक श्राद्धासारखं समज.

माझा पहिला वेक सांगते. (वेक म्हणजे मृतदेह घरी ठेवतात आणि लोक भेटून जातात ते.) दिवाणखान्यात उघडी शवपेटी. आत कोट-टाय घातलेले गृहस्थ, बोटांत जपमाळ गुंफलेली. कडेने खुर्च्यांवर घरची माणसं, आणि आम्ही सगळे रांगेत. एकेकाचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. एवढंच. दुसरं काही सुचायची गरजच ठेवलेली नाही, आणि मला ही सोय फार आवडते. माझ्या मागचे दोघे वासरांच्या भावाबद्दल बोलत होते. मयत ज्या खोलीत, तिच्या पलीकडच्या स्वयंपाकघरात हशा चाललेला, आणि शेजारणींनी सँडविचची तबकं लावलेली. आपल्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही, आणि इथे कुणीतरी माझ्या हातात चहाचा मग आणि अंड्याचं सँडविच दिलं. घास घशाखाली उतरेना. पण सगळ्या बघत होत्या, उतरवला. घरी आल्यावर नळाखाली डोकं धरून अंघोळ केली. तुलाही करायची असेल तर कर, कोण बघायला येतंय? बाहेर शेतात पिवळी जाकिटं घातलेले चार पुरुष गाड्या लावून देत होते. त्यातला एक दर शनिवारी माझ्याशी भांडणारा बांधाशेजारचा होता. त्या दिवसानंतर तो मला नावाने हाक मारू लागला.

चर्चमध्ये जायची भीती वाटत असेल तर मागच्या बाकावर बस. सगळे उठले की ऊठ, बसले की बस. प्रसाद घ्यायला लोक रांगेने पुढे जातात, तेव्हा तू जागेवरच बसून राहा. तो त्यांच्यापुरता असतो. तू घेतला नाहीस याचं कुणालाही काही वाटणार नाही. कपडे गडद असू देत, पांढरे नकोत.

आता हे मयताचं एवढं का, ते सांगते, कारण त्याशिवाय आजींचं न थांबणं तुला कळायचं नाही. १८४१ च्या जनगणनेत रॉसकॉमन काउंटीत अडीच लाखांवर माणसं होती. चारच वर्षांनी बटाट्यावर रोग पडला. आज तिथे जेमतेम ७० हजार आहेत. मधली माणसं मेली किंवा बोटीत बसली, आणि दुष्काळ संपला तरी पुढच्या प्रत्येक पिढीतली पोरं बोटीत बसतच राहिली. पोरगं अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरात वेक करायचे. जिवंत माणसाचा वेक! त्याला अमेरिकन वेकच म्हणायचे, कारण गेलेला परत दिसणार नाही हे माहीत असायचं. तुमच्या काउंटीतच स्ट्रोक्सटाउनला दुष्काळाचं संग्रहालय आहे, मुलगी जरा मोठी झाली की जाऊन ये. तू फिरायला जातेस तेव्हा बोरीनवर छप्पर कोसळलेली दगडी घरं दिसत असतील. अशा गावात कुठल्या घरात दिवा लागलेला आहे आणि त्या घरातलं कोण आलं, कोण नाही, हे मोजलं जातं. कागदावर नाही, पण मोजलं जातं.

म्हणून, वर्णद्वेषाचं. तू जे लिहिलं आहेस त्यात मला तो दिसत नाही. दुसरीकडे तो नाहीच असंही मी म्हणणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. त्या आठवड्यात मलाही आईचे दिवसातून तीन फोन यायचे. कुणी तुला किंवा लेकीला रंगावरून बोललं, दुकानात मुद्दाम ताटकळत ठेवलं, तर "त्यांची पद्धतच असेल" म्हणून गिळू नकोस. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, कळव, शाळेत असेल तर बाईंना भेट. पण ज्याने बटाटे आणून ठेवले त्याच्या बायकोला तू परकी वाटत नाहीस, बाई. परक्याने पडदे ओढले तर कुणाला वाईट वाटतं?

परकेपणाचं एक मात्र आत्ताच ऐकून ठेव. बाहेरून आलेल्याला तिथे "ब्लो-इन" म्हणतात, वाऱ्याबरोबर उडत आलेला. हा शिक्का पुसला जात नाही. आमच्या गावात डब्लिनहून आलेला एक सुतार आहे, चाळीस वर्षं झाली, तो अजून ब्लो-इनच. तेव्हा त्या रांगेत तू एकटी नाहीस.

चहाचं बघू. "एकदा चहाला या" हे आपल्या "या की एकदा घरी" याचं सख्खं भावंड आहे. ते आमंत्रण नाही, पण खोटंही नाही. दार उघडं आहे एवढाच त्याचा अर्थ. तारखेची वाट बघत बसलीस तर बसशील. सहज जायचं असतं, "जवळून चालले होते" म्हणून. चहा पहिल्यांदा विचारला की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगाच त्रास" म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. हे काही तुला शिकवायला नको, आपणही हेच खाऊन वाढलोय. फक्त सहाच्या बातम्यांच्या वेळी जाऊ नकोस.

दुकानातली बाई चौकशी करते त्याचा तुला राग येतो. मलाही यायचा. माझ्या मोटारीचा टायर बदलला की संध्याकाळपर्यंत तीन घरांत माहीत! मग २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं. देशात ७ लाख ६८ हजार घरांची वीज गेली. आमची आठव्या दिवशी आली. आमची शेगडी विजेची, विहिरीचा पंप विजेचा, म्हणजे ना चहा ना पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवर जनरेटर टाकून तो बांधाशेजारचा दारात हजर. फ्रीझरला तासभर, पंपाला अर्धा तास, की पुढच्या घरी. गॅसची छोटी शेगडी ठेवून गेला. आमच्याकडे गॅस नाही हे त्याला कुणी सांगितलं असेल? दुकानातल्या बाईने. मिळून काम करायच्या या रीतीला तिकडे मेहल म्हणतात, आपल्या इर्जिकीसारखी. तेव्हा नवऱ्याची नाइट कधी आहे ते तिला खुशाल सांग. पगाराचा आकडा तेवढा सांगू नकोस.

आणि हो, ती कधीतरी लिओ वराडकरांचा विषय काढेल. ते २०१७ ला आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हापासून प्रत्येक मराठी माणसाला हा पेपर द्यावा लागतो. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. एवढं सांग आणि गप्प बस. गावात निम्म्या लोकांना ते आवडतात, निम्म्यांना नाही, आणि तू कुठल्या निम्म्यात उभी आहेस ते तुला माहीत नसतं.

लेकीला शनिवारी सकाळी मैदानावर ने. जीएएचा क्लब (आयरिश खेळांची ही संस्था १८८४ पासूनची) गावोगाव आहे. रॉसकॉमन म्हणजे गेलिक फुटबॉलवाली काउंटी, लहान मुलींचेही संघ असतात. ती चिखलात लोळेल. तू रेनकोट घालून दोरीबाहेर इतर आयांबरोबर उभी राहा. पावसाला नावं ठेवत तासभर शेजारी उभं राहणं, तिकडच्या मैत्र्या बहुतेक अशाच होतात. समोरासमोर बसून मन मोकळं करणं त्यांना जरा जड जातं. चर्चच्या दारात आठवड्याचं पत्रक ठेवलेलं असतं, तेही उचलत जा. बिंगो, केक विक्री, महिला मंडळ सगळं त्यात असतं. ही महिला मंडळं, आयसीए म्हणतात त्यांना, १९१० मध्ये वेक्सफर्डमधल्या ब्री गावात सुरू झाली. धर्म विचारत नाहीत. विणकाम येत नसलं तरी चालतं, मला अजून येत नाही.

पण तुझं खरं दुखणं गाडी आहे. पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस, माझ्या मते ते सगळ्यात वर हवं होतं. दोन किलोमीटर आत, फुटपाथ नाही, सव्वाचारला अंधार, नवरा रात्रपाळीला. अशात कुणाचंही डोकं फिरेल, त्याला देश जबाबदार नाही. आजच थिअरी टेस्टला नाव घाल. ती पास झालीस की लर्नर परमिट, मग प्रशिक्षकाकडे सक्तीचे बारा धडे, आणि परमिटपासून सहा महिने झाल्यावर परीक्षा. सराव करताना शेजारच्या सीटवर किमान दोन वर्षं पक्कं लायसन्स असलेला माणूस लागतो. नवऱ्याचं भारतीय लायसन्स त्याला चालणार नाही, आणि नवऱ्याकडून गाडी शिकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर लोकल लिंकच्या, म्हणजे खेड्यांतून फिरणाऱ्या, बसची वेळ बघून ठेव.

डब्लिनला जावं का? एवढ्यात नाही. तिथल्या भाड्यात तुमचा पगार जाईल आणि तिथे शेजारी कोण राहतं तेही कळणार नाही. तुम्ही तिकडचा फक्त उतरणीचा भाग पाहिलाय, दिवस लहान होत गेलेला. जूनमध्ये रात्री दहा वाजताही उजेड असतो, मुलं झोपायला तयार नसतात. तो जून गाडी चालवत काढ. पुढच्या हिवाळ्यातही असंच वाटलं तर बिनदिक्कत ॲथलोनसारख्या मोठ्या गावात घर बघा. मी गळ घालणार नाही. सगळ्यांनाच बोरीन मानवते असं नाही.

पण त्याआधी एक काम आहे. आजोबांनी टर्फ आणला ती बादली कुठे आहे? परत दिल्याचं तू लिहिलेलं नाहीस, तेव्हा तुझ्याकडेच असणार. मागच्या पडवीत, कोळशाच्या पोत्यामागे बघ. धुवून घे, तळाला टर्फचा भुगा चिकटून बसतो. आणि शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत हे तुझ्या आईने तुला शिकवलं असणारच. नानकटाई कर. तिकडच्या लोण्याने नानकटाई अशी खुसखुशीत होते की मिरजेत व्हायची नाही. चकली नको, आजींच्या दातांचा विचार कर. डबा स्वच्छ फडक्यात बांधून बादलीत ठेव.

तिथे गेल्यावर धर्म, सूतक, लहान मूल यातलं काही सांगत बसू नकोस. हात हातात घे, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हण. दोन महिने उशीर झाला तरी हेच वाक्य चालतं. मग म्हण की आम्हाला रीत माहीत नव्हती, चुकलं. आणि ते सांग. पहिल्या आठवड्यात ते तुझ्या शेगडीसमोर गुडघ्यांवर कसे बसले, काय म्हणाले, टर्फ उभा कसा रचला, पहिल्या काडीत पेटला की तिसऱ्या. त्या दिवशी ते तुमच्या घरी होते, आजी नव्हत्या. त्यांच्याकडे हा तुकडा नाही. मग त्या तुला त्यांचा शेवटचा दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतील. घड्याळाकडे बघू नकोस. निघताना फोटो छापलेलं छोटं मेमोरिअल कार्ड देतील कदाचित. ते फ्रिजवर लाव, पर्समध्ये टाकू नकोस. नोव्हेंबरात वर्षश्राद्धाची प्रार्थना कधी आहे तेवढं विचारून घे.

आणि पुढच्या दाराची बेल वाजवू नकोस. तिकडे खेड्यात पुढचं दार पाद्रीबाबांसाठी, डॉक्टरसाठी आणि शवपेटीसाठी. घराला वळसा घालून मागच्या दाराशी जा. कुत्रा भुंकेल, भुंकू दे. दारावर एकदा टकटक कर. उघडायला कुणी येणार नाही, आतून "कम इन" ऐकू येईल, तेव्हा कडी तूच काढ.